पदाच्या नावाखाली

तरुण वयातले ध्येय बहुधा आधी कागदावर येते आणि मग भिंतीवर. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत ज्या अभ्यासिका आहेत, तिथे प्रत्येकाच्या वाट्याला प्लायवूडचा एक कप्पा येतो. समोर फळी, दोन्ही बाजूंना फळ्या, डोक्यावर दिवा, कोपऱ्यात मोबाइल चार्जिंगला लावायची सोय, पायाशी पिशवी. समोरच्या फळीवर भारताचा नकाशा, महाराष्ट्राचा नकाशा, राज्यघटनेच्या कलमांचा तक्ता आणि या सगळ्यांच्या वर, बसल्यावर नजर नेमकी पडेल अशा उंचीला, स्केचपेनने लिहिलेला एक कागद: आधी स्वतःचे नाव, खाली 'उपजिल्हाधिकारी', त्याखाली साल. सालाचा शेवटचा आकडा पुष्कळदा गिरवून बदललेला असतो. कागद सोडवला तर मागे जुन्या चिकटपट्ट्यांचे पिवळट ठसे दिसतात, कारण आधी तिथे बसणाऱ्यानेही आपला कागद त्याच जागी लावलेला असतो. खुर्ची तीच, त्यामुळे उंचीही तीच.

या कागदांवर पदाचे नाव असते, कामाचे नसते. 'रखडलेले महसुली दावे निकाली काढायचे' किंवा 'धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची प्रकरणे मार्गी लावायची' असे लिहून लावणारा विरळाच. उपजिल्हाधिकारी दिवसभर नेमके काय करतो, हे मुलाखतीपर्यंत पोहोचलेला उमेदवार व्यवस्थित सांगतो. पहिल्या वर्षाचा उमेदवार गाडी, बंगला आणि सही यांच्या पलीकडे फारसा जात नाही. यात त्याला नावे ठेवण्यासारखे काही नाही. त्याने हे जग पाहिले ते खिडकीच्या अलीकडून. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तो वडिलांबरोबर तहसील कार्यालयात बसला होता, साहेब मीटिंगला गेलेत असे शिपाई दर तासाला सांगत होता, आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून दोघे तसेच परत फिरले. वाटेत वडील फार काही बोलले नसतील. बोलले असतील तर एवढेच, "तू शिक आणि असा खुर्चीवर बस." महाराष्ट्रातल्या कितीतरी ध्येयांचा जन्म सरकारी कचेरीतल्या बाकावर झालेला आहे. ज्याच्यासाठी लोकांना थांबावे लागते तो माणूस आपण व्हावे, या इच्छेत थोडा राग असतो, थोडा मान असतो, आपण तिथे असतो तर म्हाताऱ्या माणसाला असे परत पाठवले नसते हा भावही असतो. हे सगळे मिळून कागदावर एकच शब्द उतरतो.

त्याआधीची ध्येये कोणी लिहून ठेवत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला एसटीचा ड्रायव्हर व्हायचे असते, मग पोलीस, मग क्रिकेटपटू, आणि ज्या वर्षी घरात कोणी अंथरुणाला खिळते त्या वर्षी डॉक्टर. पाहुणे विचारतात, मूल उत्तर देते, सगळे हसतात, आणि त्या उत्तराला पुढच्या भेटीत कोणी बांधून धरत नाही. दहावीला ही चैन संपते. राज्य शिक्षण मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, हे त्यातून कळावे अशी योजना होती. हेतू चांगला होता. पण ललित कलांकडे कल निघालेल्या मुलीच्या तालुक्यात कलामहाविद्यालय असेलच असे नाही, आणि अकरावीचा प्रवेश शेवटी टक्के, एसटीचा पास आणि मोठ्या भावाची जुनी पुस्तके यांवरच ठरतो. आयटीआयमध्येही वेगळे काही घडत नाही. फिटरला नंबर लागला नाही म्हणून वायरमन झालेला मुलगा चाळिशीत नावाजलेला वायरमन असतो, आणि लहानपणापासून आपल्याला विजेच्या कामाची आवड होती असे तो मनापासून सांगतो. तो खोटे बोलत नसतो. काम हाताला बसले की आवड मागाहून येते आणि स्वतःची जुनी तारीख टाकून घेते.

ध्येय कसे ठरवावे याचे शास्त्र म्हणून महाविद्यालयांतल्या व्याख्यानांत जे सांगतात, त्याचा पुष्कळसा भाग कारखाने आणि कचेऱ्यांतून आलेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये असे मांडले की 'जमेल तेवढे कर' म्हणण्यापेक्षा नेमके आणि जरा अवघड उद्दिष्ट दिले तर माणसाच्या हातून अधिक काम होते. १९८१ मध्ये जॉर्ज डोरन यांनी व्यवस्थापकांसाठी लिहिलेल्या एका लेखात 'स्मार्ट' हे सूत्र आले: उद्दिष्ट नेमके हवे, मोजता यायला हवे, त्याला मुदत हवी वगैरे. आज हे सूत्र भित्तिपत्रकांवर छापतात तेव्हा त्यातले मधले कलम 'आवाक्यातले हवे' असे असते. डोरन यांच्या मूळ लेखात त्या जागी वेगळेच काही होते, ते म्हणजे हे काम कोणाकडे सोपवायचे. कचेरीत हा साधा प्रश्न आहे. घरात विचारला तर पंचाईत होते. मुलाच्या नावावर असलेले ध्येय पुष्कळदा वडिलांच्या हातून सुटलेले असते, किंवा ज्या मामाने कोचिंगची फी भरली त्याचे असते, आणि मुलाकडे ते फक्त सोपवलेले असते. हे कोणी उघड बोलत नाही, कारण सगळ्यांचा हेतू चांगला असतो.

त्याच व्याख्यानांत येल विद्यापीठाची एक गोष्ट हमखास येते. १९५३ च्या तुकडीतल्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त भरली, अशी ती गोष्ट. असा अभ्यास झालाच नव्हता. पुढे ज्यांनी शोध घेतला त्यांना येलमध्ये त्याचा मागमूस सापडला नाही. तरी ती मरत नाही. सभागृहातल्या शेवटच्या रांगेतला मुलगाही ती ऐकून वही उघडतो, आणि संपत्ती हेच ध्येयाचे माप असे त्या गोष्टीत न बोलता ठरून गेलेले असते, इकडे कोणाचे लक्ष जात नाही.

सोपवलेले ध्येय स्वतःचे कसे होते, हे आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यात पाहायला मिळते. त्यांनी शिकावे हा ध्यास मुळात गोपाळरावांचा, म्हणजे त्यांच्या पतीचा. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. बदली होईल तिथे पत्नीच्या शिक्षणाचा हट्ट बरोबर घेऊन जात, आणि तो हट्ट सौम्य नव्हता. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याची इच्छा तिथून त्यांची स्वतःची झाली. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात त्यांनी भाषण केले आणि आपण अमेरिकेला का जात आहोत याची उत्तरे एकामागून एक दिली. प्रश्न लोकांचेच होते. इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? संकट ओढवले तर? जे कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस? घरची मुलगी पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी निघाली की हेच प्रश्न आजही ओसरीवर निघतात, फक्त जातीबाहेर टाकण्याच्या जागी लग्नाचे काय हे येते. आनंदीबाईंना १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षाची जबाबदारी देऊ करण्यात आली. त्या क्षयाने खंगल्या होत्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची २२ वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात वारल्या. पदवी मिळाली, नेमणूक झाली, काम राहिले. त्यांचे ध्येय पुरे झाले असे म्हणायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पाठ्यपुस्तके पहिल्या दोन गोष्टींवर थांबतात.

धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट जवळजवळ उलट दिशेने जाते. मुरूडच्या या मुलाचे सतराव्या वर्षाच्या आसपासचे ध्येय चारचौघांसारखेच होते: सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा. परीक्षेचे ठिकाण सातारा. सोबत्यांबरोबर तो पायी निघाला आणि सह्याद्री चढून, शंभराहून जास्त मैल चालून साताऱ्याला पोहोचला. तिथल्या अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिले, आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. वयाचा दाखला जवळ होता. चेहरा आड आला. कागदपत्र पडताळणीत नावातल्या एका वेलांटीवरून अडलेल्या आजच्या उमेदवाराला ही गोष्ट सांगावी लागणार नाही. पुढे कर्वे १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले, १८८४ मध्ये गणित घेऊन पदवीधर झाले आणि १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्यांचे नाव ज्या कामाशी जोडले जाते त्या विधवांच्या आश्रमाची सुरुवात १८९६ मधली, आणि महिला विद्यापीठ १९१६ मधले. आश्रम निघाला तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे दार खुल्या गटातल्या उमेदवाराला नेमके याच वयात बंद होते. साताऱ्याची पायपीट फुकट गेली असे म्हणवत नाही, आणि तिचे चीज झाले असे म्हणणेही ओढूनताणून होईल. एक मुलगा घाट चढून गेला आणि परत आला, एवढे खरे.

आजच्या उमेदवाराचेही पदाच्या नावाखाली आणखी काही लिहिलेले असते, पण ते फळीवर नसते. वहीच्या शेवटच्या पानावर, जिथे मेसचा हिशेब आणि मित्राकडून घेतलेले उसने पैसे टिपलेले असतात, तिथे ते सापडते. घराला स्लॅब. आईचा गुडघा. ताईच्या नर्सिंगची फी. सोसायटीचे कर्ज. पत्र्याच्या घरात वाढलेल्याला स्लॅब म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पावसाची सर आली की पत्र्यावर एवढा आवाज होतो की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही. वादळात पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले असतात आणि रात्री वारा सुटला की घरातला प्रत्येकजण ते दगड मनात मोजत जागा असतो. गावात कोणाला नोकरी लागली की पहिल्या दिवाळीला गाडी येते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात वाळू-खडी. या क्रमावरून गाव ओळखते की पगार नियमित आहे.

पुस्तके व्यावसायिक आणि वैयक्तिक ध्येयांसाठी दोन रकाने आखून देतात. एकात पद, पगार, बढती. दुसऱ्यात तब्येत, छंद, नाती. सुखवस्तू घरातल्या मुलाला ते रकाने सोयीचे पडतात. पत्र्याच्या घरातून आलेल्याच्या बाबतीत पद हे त्या शेवटच्या पानासाठीच मागितलेले असते आणि मधली रेघ पुसली जाते. खरे तर त्या पानावरची कुठलीच ओळ एकाच पदावर अडलेली नसते. स्लॅब ओतायला उपजिल्हाधिकाऱ्याचाच पगार लागतो असे नाही. तलाठ्याच्या पगारातही तो होतो, औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या पगारातही होतो, थोडा उशिरा होतो इतकेच. पण रोज सकाळी बसल्या बसल्या एकच शब्द वाचला की दोन-तीन वर्षांत पद आणि पान यांची गाठ अशी घट्ट बसते की पद गेले म्हणजे सगळेच गेले असे वाटू लागते. ज्याला शेवटचे पान आठवते त्याला पद बदलता येते. ज्याला नुसती समोरची फळी दिसते, त्याचे घोडे तिथेच अडते, आणि अशा वेळी आजूबाजूचे त्याला जिद्दी म्हणतात.

ध्येय दिवसात उतरले की त्याचे रूप अगदी साधे होते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना हे सर्वांत लवकर कळते. गावात त्याला 'पोरगं भरती करतंय' एवढेच म्हणतात. पहाटे पाचच्या सुमाराला झेडपीच्या शाळेच्या मैदानावर, नाहीतर गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर मुले-मुली पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. ग्राउंडचे ५० गुण, लेखीचे १००. बाभळीच्या खोडावर चुन्याची खूण, तिथून पुलापर्यंत आठशे मीटर. पुलाचा कठडा शिवून परत आले की सोळाशे. एकजण मोबाइलवर वेळ धरून उभा असतो. "पाच चाळीस!" तो ओरडतो. पळणारा कमरेवर हात ठेवून वाकतो, थुंकतो, काही बोलत नाही. पाच दहाच्या आत आले तर पैकीच्या पैकी, हे त्याला झोपेतही पाठ असते. मधली तीस सेकंदे हेच त्याचे ध्येय. त्यातली पहिली दहा-पंधरा लवकर सुटतात. उरलेली अडून बसतात, आणि मग कोणी बूट बदलतो, कोणी रात्रीचा भात सोडतो, कोणी शहरातल्या अकॅडमीची चौकशी करतो. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. तो मानेला टेकवून फेकायचा असल्यामुळे सराव संपवून घरी निघालेल्या मुलीच्या जबड्याखाली मातीचा वाटोळा डाग असतो. तो तिच्या लक्षात नसतो. वाटेत भेटणाऱ्या बायकांच्या लक्षात येतो.

अभ्यासिकेत सेकंदांचे माप नसते. तिथे 'बारा तास बसलो' हे चलन चालते आणि ते फार फसवे आहे. बसण्याचे तास घड्याळ मोजते. वाचलेले किती राहिले हे सराव परीक्षेत समजते, तेही अर्धवट, कारण चुकलेल्या उत्तराला गुण वजा होतात. त्यामुळे अभ्यास किती झाला याबरोबरच हिंमत किती करायची हाही एक विषय होऊन बसतो. तज्ज्ञ उमेदवार संध्याकाळी अमृततुल्यच्या बाहेर उभे राहून त्यावर बोलतात. "अठ्ठ्याऐंशी अटेम्प्ट केले." "जास्त होतात रे. कट ऑफ खाली येणारे यंदा." कट ऑफ किती लागेल हे भाकीत आणि पाऊस कधी पडेल हे भाकीत करण्याची ढब एकच आहे, आणि करणारी मुलेही शेतकऱ्यांचीच आहेत.

तारीख मात्र कोणाच्याच हातात नसते. आधी जाहिरात निघावी लागते. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना करोनामुळे पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. ती त्याआधीही ढकलली गेली होती. शास्त्री रस्त्यावर मुलांनी ठिय्या दिला आणि परीक्षा त्याच महिन्यात घेण्यात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात पुन्हा आंदोलन झाले, ते मुख्य परीक्षेचे बहुपर्यायी स्वरूप जाऊन वर्णनात्मक उत्तरे लिहावी लागणार म्हणून. तो बदल २०२५ पर्यंत लांबला. बाहेरच्याला यात आंदोलन करण्यासारखे काय, असे वाटते. ज्याने चार वर्षे चारांतला एक पर्याय ओळखण्याची सवय अंगी मुरवली, त्याला एकाएकी तीन तास पाने लिहायची म्हणजे हातच नव्याने घडवावा लागतो. २०२० च्या अखेरीस आयोगाने प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचेही ठरवले होते. पुढे तो निर्णय मागे घेतला गेला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत सहाच प्रयत्न मिळतात. राज्यात खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत कितीही वेळा बसता येते. राज्याची मर्यादा उदार आहे, आणि उदारपणाची एक अडचण असते. थांब, असे आयोग म्हणत नाही, त्यामुळे ते उमेदवाराला स्वतःला म्हणावे लागते. ध्येय कसे ठरवावे यावरच्या व्याख्यानांत या भागाला फारसा वेळ मिळत नाही.

तो वेळ लग्नकार्यात मिळतो. पंगत वाढली जात असताना एखादे काका वळून विचारतात, "सध्या काय चाललंय?" "एमपीएससी करतोय, काका." "अजून?" या एका शब्दाला उत्तर नसते. पहिल्या वर्षी 'एमपीएससी करतोय' म्हटले की लोक कौतुकाने पाहतात. पुढे पुढे तेच वाक्य सांगताना आवाज खाली येतो. मग मुलगा लग्नांना जाणे टाळतो, नंतर गणपतीला गावी जाणेही टाळतो, आणि घरचे म्हणतात की अभ्यास जोरात चालू आहे. दरम्यान ज्याची पोस्ट निघते त्याची गावात गुलाल उधळत मिरवणूक निघते, चौकात फ्लेक्स लागतो, शाळेत सत्कार होतो. सत्कारमूर्ती भाषणात सांगतो की प्लॅन बी तयार ठेवा. सल्ला बरोबर असतो, पण तो ज्याला लागू पडला नाही त्याच्या तोंडून आलेला असतो. ज्याला लागू पडला, त्याला व्यासपीठावर बोलावण्याची पद्धत नाही.

मुलींच्या ध्येयाला मुदत पहिल्या दिवसापासून असते. "दोन वर्षं देतो, नंतर बघू," असे वडील म्हणतात, आणि या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत असतो. मुलगा अभ्यासात मागे पडला तर त्याला आणखी एक वर्ष मिळते. मुलगी पूर्वपरीक्षा पास झाली तरी स्थळे येणे थांबत नाही, उलट वाढते. अशा मुली वेळापत्रक फार काटेकोर पाळतात. रात्री मैत्रिणींबरोबर खाली चहाला जायचे की नाही, हेसुद्धा त्या दोन वर्षांच्या हिशेबात बसवतात. एक गोष्ट त्यांना मुलांपेक्षा लवकर जमते. मुदत आधीच ठरलेली असल्यामुळे त्या एकाच वेळी तलाठी, वनरक्षक, जिल्हा न्यायालय, बँक असे चार फॉर्म भरून ठेवतात आणि त्याचा कमीपणा मानत नाहीत. मुदत दुसऱ्याने लादलेली असते, त्यात अन्याय असतो, आणि तिच्यामुळेच त्या शेवटच्या पानाजवळ राहतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत.

जे थांबतात ते सहसा जाहीर करून थांबत नाहीत. एखाद्या जूनमध्ये कप्प्याचे पैसे भरले जात नाहीत, पुस्तके ज्युनिअरला अर्ध्या किमतीत दिली जातात, लक्ष्मीकांतांचे राज्यव्यवस्थेवरचे जाडजूड पुस्तक मात्र बरोबर नेले जाते. कोणी क्लासवर इतिहास शिकवू लागतो आणि तो उत्तम शिकवतो, कारण कुठे घसरायला होते हे त्याला ठाऊक असते. कोणी तालुक्याच्या गावी स्वतःची अभ्यासिका काढतो. कोणी खासगी बँकेच्या वसुलीत जातो, कोणी दूध संकलन केंद्र चालवतो. काहींच्या घराला स्लॅब पडतो. पडला की वास्तुशांतीला जुने मित्र येतात, त्यांतला एखादा नायब तहसीलदार असतो, आणि दोघे गच्चीवर उभे राहून बराच वेळ पेपरफुटी आणि जाहिरातींविषयी बोलतात. मनात सल असतोच. तो कुठल्या दिवशी डोके वर काढेल याचा नेम नसतो. आईचा दाखला आणायला तहसीलमध्ये गेल्यावर, किंवा टीव्हीवर निकाल लागताना.

अशा माणसाकडे एखाद्या सुट्टीत चुलतभाऊ येतो. त्याची बारावी झालेली असते, पदवी मुक्त विद्यापीठातून करायची आणि पुण्याला जायचे असे त्याने ठरवलेले असते. दादा त्याला सगळे सांगतो: कुठल्या मेसमध्ये पोळ्या मोजत नाहीत, कुठल्या अभ्यासिकेत उन्हाळ्यात बसवत नाही, चालू घडामोडींच्या नोट्स कोणाच्या घ्यायच्या, पहिल्या वर्षी कुठल्या क्लासला पैसे घालायचे नाहीत. चुलते शेजारी बसून ऐकत असतात. शेवटी ते विचारतात, "साधारण किती वर्षं धरून चालायचं?" दादाची सात गेलेली असतात आणि ती चुलत्यांनाही माहीत असतात. तो जरा वेळ पोराकडे पाहतो आणि म्हणतो, "दोन. नीट केला तर दोनात होतं."